मातीचे बळ, पाण्याची वाट

मातीचे कर्तन सामर्थ्य म्हणजे मातीचा एक थर शेजारच्या थरावरून सरकू न देण्याची तिची ताकद. धरणाचा उतार, कालव्याचा भराव, विहिरीची कड किंवा इमारतीखालची जमीन ढासळते, तेव्हा माती सहसा चिरडून मरत नाही; पोटातल्या एखाद्या वक्र पृष्ठावरून ती सरकते. या सरकण्याला होणारा विरोध दोन गोष्टींचा मिळून बनतो, हे फ्रेंच अभियंता शार्ल कुलाँ यांनी १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. पहिली गोष्ट कणाकणांतील घर्षण. वरचा दाब वाढला की ते वाढते. दुसरी मातीचा अंगचा चिकटपणा, जो दाबावर अवलंबून नसतो. अभियंत्यांच्या अहवालात चिकटपणा ‘सी’ आणि घर्षणाचा कोन ‘फाय’ या अक्षरांनी लिहिला जातो.

या दोन आकड्यांवर धरणे आणि इमारती उभ्या राहतात, म्हणून ते मातीचे कायमचे गुणधर्म असावेत असे वाटते. तसे ते नाहीत. एकाच खड्ड्यातील एकाच काळ्या मातीचे दोन नमुने घेऊन एकाची चाचणी पंधरा मिनिटांत आणि दुसऱ्याची पंधरा दिवसांत केली, तर दोन्ही उत्तरे वेगळी येतात आणि दोन्ही बरोबर असतात. पहिल्या चाचणीत मातीतले पाणी कोंडलेले असते, दुसरीत त्याला बाहेर पडायला वाट आणि वेळ दोन्ही मिळतात. पहिली निचरा रोखून केलेली चाचणी, दुसरी निचरा होऊ देऊन केलेली.

अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला या भेदाची एक बाजू चांगली ओळखीची आहे. पाऊस उघडल्यावर तो लगेच रानात औत घालत नाही, वापसा येण्याची वाट पाहतो. पारनेर-श्रीगोंद्याच्या मुरमाड माळावर वापसा लवकर येतो. कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासे, शेवगाव या भागांतील खोल काळ्या जमिनीत मात्र आठवडा निघून गेला तरी बैलाचा पाय रुततो. जमीन तीच, वजनही तेच; मधल्या काळात फक्त पाणी ओसरलेले असते. वापशात उन्हाने उडून जाणारे पाणीही मोजावे लागते, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही. पण मातीचे बळ पाण्याच्या निघून जाण्याशी आणि त्याला लागणाऱ्या वेळाशी बांधलेले आहे, हे मर्म त्यात पुरते आले आहे.

या मर्माला शास्त्राचे रूप अभियंता कार्ल टेर्झागी यांनी १९२०च्या दशकात दिले. पाण्याने पूर्ण भरलेल्या मातीवर वरून जो दाब येतो, त्याचा काही भाग मातीचे कण एकमेकांवर टेकून पेलतात आणि उरलेला भाग कणांमधल्या रंध्रांतील पाणी पेलते. पाण्याला घर्षण नसते. त्यामुळे पाण्याने उचललेला दाब मातीच्या बळात काहीच भर घालत नाही. कणांनी उचललेला दाब तेवढा घालतो. पाण्याने पेललेल्या दाबाला रंध्रदाब म्हणतात. एकूण दाबातून तो वजा केला की उरतो तो प्रभावी दाब, आणि घर्षण त्यावरच ठरते.

एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होते. जमिनीखाली पाच मीटर खोलीवर चिकणमाती आहे आणि भूजल थेट पृष्ठभागापर्यंत आले आहे असे समजू. माती घनमीटरला सुमारे दोन टन धरली, तर त्या खोलीवर चौरस मीटरला दहा टन एकूण दाब येतो. त्यातले पाच टन पाणी पेलते, म्हणून प्रभावी दाब पाच टन. आता या जमिनीवर तीन मीटर उंचीचा रुंद भराव झपाट्याने टाकला, तर चौरस मीटरला सहा टन भार वाढतो. पाण्याला लगेच निसटता येत नसल्याने हे सहाच्या सहा टन त्याच्याच अंगावर पडतात. एकूण दाब सोळा टन, रंध्रदाब अकरा टन, प्रभावी दाब पुन्हा पाचच. भार वाढला, बळ मात्र जागच्या जागी राहिले. पुढे पाणी हळूहळू झिरपून जाते, रंध्रदाब पाच टनांवर उतरतो, प्रभावी दाब अकरा टनांपर्यंत चढतो आणि माती आधीपेक्षा कितीतरी बळकट होते. अशा भरावाला सगळ्यात मोठा धोका असतो, तो पुरा होतो त्याच दिवशी.

हे ‘हळूहळू’ म्हणजे किती, हे मातीच्या जातीवर आणि पाण्याला तुडवाव्या लागणाऱ्या अंतरावर ठरते. मुळा-प्रवरेच्या पात्रातील वाळूतून पाणी जवळजवळ भार येताक्षणीच निसटते. त्यामुळे भूकंपासारखा अतिवेगवान हादरा सोडला, तर वाळूचा विचार निचरा झालेल्या स्थितीतच होतो. चिकणमातीत अंतराचा परिणाम फार तीव्र असतो: वाट दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. संघननाचा, म्हणजे पाणी निघून जात माती दाबली जाण्याच्या वेगाचा, गुणांक वर्षाला एक चौरस मीटर असलेली माती घेतली, तर वरून-खालून निचरा होणाऱ्या चार मीटर जाडीच्या थरातला नव्वद टक्के जादा रंध्रदाब ओसरायला सुमारे तीन वर्षे पाच महिने लागतात. थर आठ मीटरचा असेल तर साडेतेरा वर्षे. प्रयोगशाळेतील ७६ मिलिमीटर उंचीच्या, तसाच वरून-खालून निचरा होणाऱ्या नमुन्याला मात्र अकरा तासांच्या आतच तेवढा निचरा साधतो. वर्षांचा हा कारभार तासांत बसवता येतो, म्हणूनच निचऱ्याची चाचणी शक्य होते.

यातून एक गैरसमजही दूर व्हायला हवा. निचरा झालेली माती म्हणजे कोरडी माती नव्हे. दोन्ही चाचण्यांत माती पाण्याने पूर्ण भरलेली असू शकते. फरक एवढाच, की भार पडताना त्या पाण्याला आत-बाहेर जाता येते की नाही.

चाचणीचे मुख्य यंत्र ट्रायॲक्सियल, म्हणजे त्रिअक्षीय दाबयंत्र. ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि ७६ मिलिमीटर उंचीचा दंडगोलाकार नमुना पातळ रबरी पिशवीत घालून पाण्याने भरलेल्या पारदर्शक कोठडीत उभा करतात. भोवतीच्या पाण्याला दाब दिला की जमिनीच्या पोटात मातीला चहूबाजूंनी जो दाब असतो, तसा तो नमुन्याला मिळतो. मग वरून दट्ट्याने दाबत नमुना तिरका सरकेपर्यंत किंवा पिंपासारखा फुगेपर्यंत नेतात. नमुन्याच्या तळाशी सच्छिद्र चकती असते, तिला जोडलेल्या नळीवर एक झडप. सगळा फरक या झडपेत आहे. ती उघडी असेल तर पाणी बाहेर येते. बंद असेल तर पाणी आत कोंडते आणि त्याचा वाढता दाब मोजता येतो.

चाचण्यांची नावे दोन अक्षरांची आहेत. पहिले अक्षर सांगते की भोवतीचा दाब देताना पाणी निघू दिले की नाही, दुसरे सांगते की सरकवताना निघू दिले की नाही. यूयू चाचणीत झडप दोन्ही वेळा बंद असते आणि काम दहा-वीस मिनिटांत उरकते. सीयू चाचणीत माती आधी दाबाखाली निचरून बसवतात, मग झडप बंद करून सरकवतात आणि रंध्रदाब मोजत राहतात. सीडी चाचणीत झडप सतत उघडी असते, आणि रंध्रदाब साठूच नये म्हणून दट्ट्या इतक्या सावकाश चालवावा लागतो की चिकणमातीच्या एका नमुन्याला कित्येक दिवस लागतात. अमेरिकेत अभियंता आर्थर कॅसाग्रांदे यांनी झटपट चाचणीला क्यू आणि सावकाश चाचणीला एस ही अक्षरे दिली. मधल्या चाचणीला आर मिळाले, ते इंग्रजी वर्णमालेत या दोहोंच्या मध्ये येते म्हणून. धरणांच्या जुन्या कागदपत्रांत हीच अक्षरे भेटतात.

यूयू चाचणीचा निकाल पहिल्यांदा पाहणाऱ्याला चक्रावून टाकतो. पाण्याने पूर्ण भरलेल्या चिकणमातीचे तीन सारखे नमुने तीन वेगवेगळ्या कोठडीदाबांखाली तपासले, तरी तिघांचे बळ एकच येते. घर्षणाचा कोन शून्य निघतो, जणू या मातीत घर्षणच नाही. खरे कारण असे, की कोठडीचा दाब कितीही वाढवला तरी तो कोंडलेले पाणीच उचलते, कणांपर्यंत पोहोचत नाही. घर्षण असतेच, त्याला वाढायला प्रभावी दाब मिळत नाही. सीयू चाचणी ही व्यवहारातली तडजोड आहे. रंध्रदाब मोजलेला असल्याने तो वजा करून निचऱ्याच्या स्थितीतले सी आणि फाय काढता येतात, आणि सीडीइतके दिवसही मोडत नाहीत. मात्र नमुना खरोखर पूर्ण भिजला आहे याची आधी खात्री लागते. ती पाहण्याची रीत ब्रिटिश अभियंता स्केम्टन यांच्या १९५४च्या मांडणीतून आली: झडप बंद ठेवून कोठडीचा दाब शंभराने वाढवला, तर रंध्रदाब जवळजवळ तेवढाच, पंचाण्णवच्या पुढे, वाढला पाहिजे. कमी वाढला तर आत हवा उरली आहे.

भारतात या चाचण्यांची पद्धत आयएस २७२० या मानकाच्या निरनिराळ्या भागांत बांधून दिलेली आहे. अकराव्या भागात यूयू, बाराव्यात रंध्रदाब मोजून केलेली सीयू, तेराव्यात शिअर बॉक्स. शिअर बॉक्स म्हणजे मधोमध दुभागलेली साठ मिलिमीटर चौरस पेटी. तिचा एक भाग दुसऱ्यावरून सरकवतात. वाळूसाठी ती उत्तम आहे. चिकणमातीसाठी ती घाईने वापरली तर घात होतो, कारण तिला झडप नाही. पेटी भरभर सरकवली की थोडे पाणी निसटते, थोडे कोंडते, आणि हाती येणारा आकडा ना निचऱ्याचा ना कोंडलेल्या पाण्याचा. लहान कामांच्या अहवालांत असे आकडे सर्रास दिसतात. ते स्वस्त पडतात, पण काय मोजले हेच ज्याला सांगता येत नाही त्या आकड्यावर पाया ठरवू नये.

मातीच्या धरणाइतका निचरा रोखून आणि निचरा होऊ देऊन केलेल्या चाचण्यांचा एकत्र उपयोग दुसऱ्या कोणत्याही बांधकामात होत नाही. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे मुळा नदीवर उभे असलेले, सुमारे ४८ मीटर उंचीचे आणि पावणेतीन किलोमीटरहून लांब मुळा धरण जिल्ह्यातील या जातीचे सर्वात मोठे उदाहरण. त्याच्या ज्ञानेश्वर सागर जलाशयाची क्षमता २६ टीएमसी आहे. महाराष्ट्रातील मातीच्या धरणांची नेहमीची रचना ठरलेली असते: गाभ्यात पाणी अडवणारी चिकणमाती, तिला हार्टिंग म्हणतात, दोन्ही अंगांना मुरमाचे केसिंग, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग. राज्यातील धरणांच्या मातीची तपासणी करणारी नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘मेरी’, १९५९ पासून कार्यरत आहे.

अशा धरणाच्या आयुष्यात माती तीन वेगवेगळ्या स्थितींतून जाते. आयएस ७८९४ हे मातीच्या धरणांच्या स्थैर्याचे मानक त्या स्थिती एकेक करून तपासायला लावते. पहिली स्थिती बांधकामाची. ओलसर हार्टिंग थराथराने रोलरखाली दाबले जाते, वरचे थर चढत जातात आणि खालच्या थरांत रंध्रदाब साठतो. तो ओसरायच्या आत भराव वाढतो, म्हणून येथे यूयूचे आकडे लागतात. पावसाळ्यात काम थांबते तेव्हा साठलेल्या दाबाला ओसरायला काही महिने मिळतात, हा आपल्याकडच्या हंगामी कामाचा एक न ठरवलेला लाभ. दुसरी स्थिती धरण भरून कित्येक वर्षे झाल्यानंतरची. पाझर स्थिर झालेला असतो, बांधकामातला जादा दाब केव्हाच ओसरलेला असतो आणि निचऱ्याच्या स्थितीतले बळ लागू पडते. येथे कोरड्या बाजूच्या उताराला दीडपट सुरक्षितता असावी असे मानक सांगते.

तिसरी स्थिती जलाशय झपाट्याने उतरण्याची, आणि ती सर्वांत फसवी आहे. भरलेल्या जलाशयाचे पाणी उताराला बाहेरून टेकू देत असते. पाणी भराभर खाली गेले की टेकू जातो, पण मातीच्या पोटातले पाणी तेथेच अडकून राहते. वर्षानुवर्षे दाबाखाली निचरून बसलेली माती आता अचानक कोंडलेल्या पाण्यासह सरकू पाहते. सीयू चाचणी नेमकी याच घटनाक्रमाची नक्कल करते: आधी निचरा, मग कोंडी.

मोठे धरण आवर्तनागणिक सावकाश उतरते आणि मुरमाचे केसिंग पाणी सोडून देते, म्हणून धोका आटोक्यात राहतो. काळ्या मातीतून खोदलेल्या कालव्याला ही सवलत नाही. आवर्तन संपले की दरवाजे बंद होतात आणि कालव्याची पातळी थोड्या वेळात तळाला जाते. कडेची भिजलेली माती मात्र पाणी सोडायला अनेक दिवस घेते. कालव्याचे काठ आवर्तन चालू असताना टिकतात आणि ते बंद झाल्यावर घसरतात, त्यामागे हे कारण असते. साधे उपाय दोन: उतार पसरट ठेवायचा, किंवा कालवा टप्प्याटप्प्याने उतरवायचा. दुसऱ्या उपायाला पैसे लागत नाहीत, शिस्त लागते.

कॅलिफोर्नियातील सॅन लुईस धरणाचा पाण्याकडचा उतार १९८१ साली जलाशय उतरत असताना असाच घसरला. पायाखाली डोंगरउतारावरून आलेल्या चिकणमातीचा थर होता. बांधकामाच्या वेळी तो उन्हाने वाळून कणखर झालेला असल्याने ठेवून दिला गेला. धरण भरल्यावर तो भिजला आणि त्याचे वाळलेपणाचे बळ निघून गेले.

पर्जन्यछायेतल्या अहिल्यानगरला ही घटना फार जवळची आहे. येथील काळी माती मे महिन्यात दगडासारखी होते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रंध्रांत उरलेले थोडे पाणी कणांना एकमेकांकडे खेचून धरते. हा उणा रंध्रदाब मातीला उसने बळ देतो. याच वेळी काढलेला नमुना न भिजवता तपासला, तर भव्य आकडे येतात आणि सप्टेंबरात ते खोटे ठरतात. प्रवरेच्या कालव्यांखालील उसाच्या पट्ट्यात तर भूजल वर आल्याने जमिनी वर्षभर ओल्या राहतात, काही चोपण झाल्या आहेत. तेथे कोरड्या मातीचा आकडा कोणत्याच महिन्यात लागू पडत नाही. शिवाय काळी माती वर्षानुवर्षे फुगते आणि आकसते, त्यामुळे तिच्या पोटात चकचकीत, घासलेली सरकपृष्ठे तयार होतात. ३८ मिलिमीटरच्या नमुन्यात असे पृष्ठ बहुधा सापडत नाही. नमुना मजबूत निघतो, पण रान त्या पृष्ठावरून सरकते. म्हणून अशा जागी मोठ्या व्यासाचे नमुने घ्यावे लागतात.

खोदकामात सगळा क्रम उलटतो. भरावात माती दाबली जाते. विहीर किंवा तळघर खोदताना तिच्यावरचे ओझे काढले जाते. मोकळी झालेली चिकणमाती फुगू पाहते, पण फुगायला लागणारे पाणी लगेच मिळत नाही, म्हणून रंध्रदाब उतरतो, कधी उणाही होतो, आणि प्रभावी दाब टिकून राहतो. नुकतीच खोदलेली काळ्या मातीची विहीर त्यामुळे कड सरळ उभी ठेवून आठवडेच्या आठवडे थांबते. पुढे भोवतालचे पाणी झिरपून आत येते, माती फुगते, बळ घटते आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात कड ढासळते. भराव काळाबरोबर सुरक्षित होतो, खोदकाम काळाबरोबर धोक्याचे होते. म्हणून भरावाची मुख्य तपासणी कोंडलेल्या पाण्याच्या बळावर आणि कायमच्या खोदकामाची निचऱ्याच्या बळावर करायची असते. विहीर खोदल्यावर त्याच हंगामात बांधून घेण्याची रीत याच अनुभवातून आलेली असावी.

विलायतेत याचा अभ्यास लंडनच्या चिकणमातीतील रेल्वे खोदकामांवर झाला. काही उतार खोदल्यानंतर अनेक दशकांनी घसरले. स्केम्टन यांनी १९६४च्या रँकिन व्याख्यानात दाखवले की अशा भेगाळ मातीचे दीर्घकालीन बळ प्रयोगशाळेतील कमाल आकड्याच्या पुष्कळ खाली येऊ शकते. खोदकाम उभे राहिले म्हणून ते टिकेल असे नव्हे, हे त्यांनी आकड्यांनी सिद्ध केले.

झटपट येणाऱ्या भाराचे ठळक उदाहरण कॅनडातील आहे. विनिपेगजवळच्या ट्रान्सकोना येथील नवे धान्यकोठार ऑक्टोबर १९१३ मध्ये भरत आणले असता एका बाजूला खचू लागले आणि एका दिवसात सुमारे सत्तावीस अंशांनी कलले. काँक्रीट जवळजवळ अभंग राहिले. खालची चिकणमाती कोंडलेल्या पाण्यासह बाजूला सरकली होती. नंतर कोठार सरळ करून पुन्हा वापरात आणले गेले. साखर कारखान्याची मळीची टाकी किंवा पाण्याचा जलकुंभ काळ्या मातीवर उभा करताना हेच गणित लागते. अशी टाकी पहिल्यांदा भरताना थोडी थोडी भरून, मध्ये थांबून, खचण मोजत गेल्यास खालच्या मातीला निचरायला अवधी मिळतो.

घर किंवा गोदाम बांधणाऱ्या सामान्य माणसाच्या हाती माती परीक्षणाचा अहवाल येतो, तेव्हा त्याने सी आणि फायच्या आकड्यांआधी चार गोष्टी शोधाव्यात. चाचणी यूयू, सीयू की सीडी. नमुना अखंड काढलेला की खणलेली माती पुन्हा भरून बनवलेला. तो कोणत्या महिन्यात काढला. तपासण्यापूर्वी पूर्ण भिजवला होता की नाही. यांपैकी एकाचेही उत्तर अहवालात नसेल, तर ते अभियंत्याला विचारून लिहून घ्यावे. चिकणमातीसाठी नुसता शिअर बॉक्सचा आकडा दिला असेल, तर पेटी किती वेगाने सरकवली हेही विचारावे.